जुन्या गाडीच्या व्हील कॅप: गेलेल्या चमकेची कारणमीमांसा

‘व्हील कॅप फिक्या पडल्यात’ ही गॅरेजमधली तक्रार ऐकायला एक असते, पण तिच्याखाली चार वेगळ्या अवस्था येतात. कधी पृष्ठभागावर काहीतरी साचलेले असते. कधी पृष्ठभागच खरखरीत झालेला असतो. कधी रंगद्रव्याने आपला रंग सोडलेला असतो. आणि कधी वरचा थर झिजून किंवा सुटून जाऊन खालचा थर उघडा पडलेला असतो. डोळ्याला चारही ठिकाणी एकच दिसते: चमक गेली. उपाय मात्र चारही ठिकाणी निराळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर उरलीसुरली चमकही जाते. जुन्या गाड्यांच्या जितक्या व्हील कॅप ऊन-पावसाने वाया जातात, तितक्याच चुकीच्या पॉलिशने वाया जातात, असे माझे मत आहे. म्हणून या विवेचनाचा भर निदानावर आहे.

चमक म्हणजे ठरावीक दिशेने होणारे परावर्तन. पृष्ठभागावरचे उंचसखलपण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच कमी असेल, तर पडलेला किरण एकाच कोनातून परत फिरतो आणि कॅपमध्ये समोरची भिंत स्पष्ट दिसते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन आहे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढ्या खोलीचे बारीक ओरखडे दाटीने पडले की प्रकाश चहूकडे विखुरतो आणि तोच धातू पांढुरका दिसू लागतो. पॉलिश करणे म्हणजे या उंचवट्यांचे माथे घासून ते खाचांच्या तळाशी आणणे. पॉलिशने वर काही चढत नाही, दर वेळी काहीतरी निघूनच जाते. मेण लावल्यावर येणारी झळाळी वेगळी; तिथे खाचा तात्पुरत्या भरल्या जातात आणि दोन-चार धुण्यांनंतर पुन्हा उघड्या पडतात.

यातून पहिला व्यावहारिक प्रश्न निघतो: घासायला आहे किती? शोभेच्या क्रोमचा थर सहसा पाव ते अर्धा मायक्रॉन असतो. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर क्रोम त्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ ठरतो. त्याखालचे निकेल दहा ते तीस मायक्रॉन. ॲल्युमिनियमवरचा ॲनोडाइज्ड थर पाच ते पंधरा मायक्रॉन. रंगवलेल्या कॅपवर प्रायमरसकट सगळा रंग शंभर मायक्रॉनच्या आसपास. या सगळ्यांत एकटे स्टेनलेस स्टील श्रीमंत आहे, कारण तिथे वरपासून खालपर्यंत पत्रा एकच असतो. कोणत्या कॅपला किती हात लावायचा, हे या आकड्यांवरून ठरते.

कोणत्या काळात काय वापरले गेले

सुरुवातीच्या मोटारींत चाकाच्या मध्यभागी आट्यांवर बसणारी छोटी टोपी असे. तिचे काम बेअरिंगमधले ग्रीस आत ठेवण्याचे आणि धूळ बाहेर ठेवण्याचे होते. ती पितळेची असे, पुढे निकेल चढवलेली येऊ लागली. क्रोम मात्र नंतरचा. कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक आणि त्यांचे सहकारी चार्ल्स एल्ड्रिज यांनी १९२४च्या सुमारास क्रोम प्लेटिंगची भरवशाची पद्धत बसवली, आणि १९३०च्या आसपास मोटारींवर निकेलची जागा क्रोमने घेतली. हा तपशील पुनरुद्धाराच्या कामात फार महत्त्वाचा आहे. निकेलची झाक किंचित पिवळसर व ऊबदार असते, क्रोमची निळसर व थंड. १९२५च्या गाडीवर निळसर चमकणाऱ्या टोप्या दिसल्या की जाणकाराला ते लगेच खटकते. अशा गाडीवर निकेलच हवे, मग ते वर्षातून चार वेळा पुसावे लागले तरी.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सगळे चाक झाकणाऱ्या मोठ्या व्हील कॅप सर्रास झाल्या. त्या बहुधा स्टेनलेस स्टीलच्या दाबीव पत्र्याच्या असत आणि त्यांच्या खोबणींत काळा, लाल किंवा राखाडी रंग भरलेला असे. पुढे ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचे भाग त्यांत शिरले. जर्मन गाड्यांनी रंगाची वाट धरली: मर्सिडीज-बेंझच्या १९७६ साली आलेल्या डब्ल्यू १२३ मालिकेच्या कॅपचा मधला भाग गाडीच्याच रंगात रंगवलेला असे. ऐंशीच्या दशकात प्लॅस्टिकने बाकी सगळ्यांना मागे टाकले.

आपल्याकडे दोन गाड्या डोळ्यांसमोर ठेवल्या तरी पुरे. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बेसेडर, आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट ११०० डिलाइट. ही डिलाइट १९६४ची. १९७४पासून तीच प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. दोन्ही गाड्यांच्या छोट्या चकचकीत कॅप रिमवर नुसत्या दाबून बसवायच्या. साधी वस्तू, पण मुंबईचे खारे वारे, साचलेले पाणी आणि वर्षानुवर्षांचे घासणे या तिन्हींचा हिशेब त्या एका टोपीवर वाचता येतो. पुढच्या विवेचनात मी वारंवार तिच्याकडे वळणार आहे.

निदान

कॅप काढून आधी उलटी करून पाहावी. पाठ खूप सांगते. प्लेटिंगच्या कॅपची पाठ निस्तेज, गंजलेली किंवा नुसती रंगवलेली असते, कारण आतल्या बाजूला पॉलिश करण्यावर कुणी पैसा घालत नाही. स्टेनलेसची पाठ धूळ पुसल्यावर पुढच्यासारखीच धातूच्या रंगाची निघते. ॲल्युमिनियम हातात घेताच हलके लागते. प्लॅस्टिकच्या कॅपवर मागे अनेकदा एबीएस, पीपी (पॉलिप्रॉपिलीन) किंवा पीए (नायलॉन) अशी खूण उठवलेली असते.

लोहचुंबकाची परीक्षा सगळे करतात, पण तिच्या एकटीवर विसंबू नये. चुंबक चिकटला म्हणजे प्लेटिंग केलेले लोखंड, असा निष्कर्ष घाईचा ठरतो. मोटारींच्या शोभेच्या पट्ट्यांसाठी आणि कॅपसाठी ४३० क्रमांकाचे स्टेनलेस फार वापरले गेले, आणि त्यालाही चुंबक चिकटतो. भांड्यांत वापरतात ते ३०४ चिकटत नाही किंवा अगदीच कमी चिकटते. म्हणून चुंबकासोबत खोल ओरखडा भिंगाखाली पाहावा. ओरखड्याच्या तळाशी पिवळसर निकेल, तांबूस तांबे किंवा तपकिरी गंज दिसला तर प्लेटिंग. तळाशीही तोच पांढरा धातू दिसला तर स्टेनलेस.

रंगवलेल्या कॅपसाठी पांढरे सुती फडके पुरते. फडक्यावर थोडे रबिंग कंपाउंड घेऊन कडेच्या न दिसणाऱ्या जागी हलके घासावे. फडक्याला कॅपचा रंग लागला तर रंग एकथरी आहे, रंगद्रव्य थेट वरच्याच थरात आहे. फडके पांढरेच राहिले तर वर पारदर्शक क्लिअर कोट आहे. हा फरक पुढचा सगळा मार्ग ठरवतो.

चारही कॅप शेजारी मांडून पाहाव्यात, ही माझी आग्रहाची सूचना. गाडी वर्षानुवर्षे एकाच जागी एकाच दिशेला उभी असेल तर उन्हाच्या बाजूच्या दोन कॅप अधिक उतरलेल्या दिसतात. मग दोष उन्हाचा. चारही सारख्याच निस्तेज असतील आणि रेषा गोलाकार असतील, तर दोष पुसणाऱ्या हाताचा आणि फडक्यातल्या वाळूचा. पुढच्या दोनच जास्त तपकिरी असतील, तर डिस्क ब्रेकची धूळ. डिलाइटला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. ड्रममधली धूळ बरीचशी आतच राहते, त्यामुळे तिच्या टोप्यांवर मुख्यतः रस्त्याचा चिखल आणि हवेतले क्षार आढळतात. पुढे डिस्क ब्रेक असलेल्या गाडीत लोखंडाचे तापलेले कण बाहेर उडून कॅपमध्ये रुततात आणि तिथेच गंजतात. त्यांच्यासाठी थायोग्लायकोलेटयुक्त आयर्न रिमूव्हर मिळतो. लोखंड लागताच तो जांभळा होतो, त्यामुळे कण कुठे रुतलेत तेही कळते. बोअरच्या जड पाण्याने गाडी धुतली असेल तर पांढरे ठिपके कॅल्शियमचे असतात. ते क्रोमवरून पाणी घातलेल्या व्हिनेगरने निघतात, मात्र लगेच धुऊन काढावे.

धुणे, डांबर काढणे, रुतलेले कण काढणे एवढे झाल्यावर बऱ्याच कॅपना पुढच्या कुठल्याच उपायाची गरज उरत नाही. ‘फिकी पडलेली’ कॅप अनेकदा फक्त झाकली गेलेली असते.

क्रोम

क्रोम गंजत नाही, तरी क्रोमच्या कॅपवर गंज दिसतो. याचे उत्तर थरांच्या रचनेत आहे. क्रोमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर आपोआप तयार होतो आणि तो धातूला वाचवतो. पण प्लेटिंगचा क्रोम अंतर्गत ताणामुळे सूक्ष्म भेगांनी आणि छिद्रांनी भरलेला असतो. गंजरोधाचे खरे काम त्याखालचे निकेल करते. समुद्राच्या हवेतले क्लोराइड छिद्रातून आत शिरले की निकेल हळूहळू खाल्ले जाते, आणि खड्डा लोखंडापर्यंत पोहोचला की चित्र बदलते. लोखंड निकेलपेक्षा अधिक क्रियाशील. ओलावा आला की दोघांचा विद्युत-रासायनिक घट तयार होतो आणि त्यात लोखंड बळी जाते. भोवती निकेलचा विस्तीर्ण पृष्ठभाग आणि मध्ये लोखंडाचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, अशा असमान जोडीत ठिपक्यावरचा मारा फार तीव्र होतो. म्हणून क्रोमची कॅप एकसारखी गंजत नाही, ठिपक्या-ठिपक्यांनी गंजते.

चांगल्या कारखान्यांनी यावर दुहेरी निकेलचा तोडगा काढला: खाली गंधक जवळजवळ नसलेला अर्धचमकदार थर, वर गंधक असलेला चमकदार थर. वरचा अधिक क्रियाशील असल्याने झीज खोलात जाण्याऐवजी आडवी पसरते आणि लोखंडापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. स्वस्त प्लेटिंगमध्ये हे काही नसते, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात ते कळते.

आता उपचार. ठिपक्यांतून बाहेर आलेला गंज आजूबाजूच्या शाबूत क्रोमवर पसरतो आणि सगळी कॅप तपकिरी दिसते. हा डाग आहे, झीज नव्हे. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून, चुरगळून, हलक्या हाताने फिरवली की तो निघतो. ॲल्युमिनियम धातू क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ असल्याने क्रोमला ओरखडा पडण्याची भीती कमी, आणि गंजावर मात्र ते पुरेसे काम करते. दाब नको, पाणी भरपूर हवे. मग कॅप धुऊन, ऊन दाखवून पूर्ण वाळवावी आणि चांगल्या कार्नोबा मेणाचा हात द्यावा, म्हणजे छिद्रांची तोंडे बुजतात. ठिपके जात नाहीत. काळे बिंदू म्हणून राहतात. काही महिन्यांनी गंज पुन्हा डोकावतो आणि पुन्हा तेच करावे लागते. मला यात कमीपणा वाटत नाही. हात लांब करून धरलेल्या कॅपवर ठिपके दिसत नसतील तर ती कॅप प्लेटिंगवाल्याकडे पाठवू नये.

घरात तांब्या-पितळेची भांडी उजळायला वापरतात ती पावडर, चिंच, लिंबू, राख यांतले काहीही क्रोमला लावू नये. आम्ल छिद्रांतून आत शिरते, आणि खरखरीत कण पाव मायक्रॉनचा थर खरोखर संपवतात. कॅपवर एकसारखी पिवळसर झाक आली असेल आणि कुठल्याही पॉलिशने ती जात नसेल, तर क्रोम संपून निकेल उघडे पडले आहे असे समजावे. इथे पॉलिश थांबवायचे. पुढचा प्रत्येक हात निकेल खाणार.

थर फुगला असेल, पापुद्रे सुटत असतील, किंवा गंजाने पत्रा कुरतडला असेल, तर मात्र पुन्हा प्लेटिंग करण्याला पर्याय नाही. क्रम असा: जुना क्रोम पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात उतरतो, निकेल उलट्या विद्युतप्रवाहाने गंधकाम्लात. उघड्या पत्र्यावरचे पोचे ठोकून काढायचे, खड्डे घासायचे, मग तांबे, त्यावर निकेल, शेवटी क्रोम. चमक या शेवटच्या टाकीत तयार होत नाही. ती तांब्याच्या थरावर, बफिंगच्या चाकाशी तयार होते. खड्डे तांब्याने भरून, बफ करून, पुन्हा तांबे चढवून सपाट केले असतील तरच वरचे दोन थर आरसा होतात. आणखी एक बारकावा: आम्लयुक्त तांब्याच्या टाकीत लोखंड थेट बुडवले तर त्यावर तांब्याचा सैल लेप बसतो, पकड धरत नाही. म्हणून आधी सायनाइड तांब्याचा किंवा निकेलचा पातळ थर द्यावा लागतो. स्वस्त कामात हा टप्पाही गाळतात आणि तांब्याचा जाड थरही. महिनाभर कॅप झळकते, नंतर पापुद्रे धरते. प्लेटिंगवाल्याला भाव विचारण्याआधी ‘तांबे किती चढवता आणि त्यावर बफ किती वेळा करता’ हे विचारावे. उत्तर टाळाटाळीचे आले तर दुसरे दुकान पाहावे.

बफिंगचा दुसरा धोका कॅपवरच्या अक्षरांना. चाक चिन्हावरून फिरत राहिले की उठावाच्या कडा गोल होतात आणि अक्षरे वितळल्यासारखी दिसतात. गेलेली कड परत आणता येत नाही. म्हणून काम देताना चिन्हाचे जवळून छायाचित्र काढून सोबत द्यावे आणि तेवढा भाग हातानेच करायला सांगावे. चारही कॅप एकाच वेळी, एकाच टाकीत जायला हव्यात. सहासंयुजी क्रोमच्या टाकीतला रंग आणि त्रिसंयुजी टाकीतला रंग किंचित वेगळे असतात, आणि एका बाजूला निळसर व दुसऱ्या बाजूला गडद अशी जोडी गाडीवर लगेच उठून दिसते.

सहासंयुजी क्रोम कर्करोगकारक आहे. युरोपीय संघात सप्टेंबर २०१७पासून त्याच्या टाकीत लागणाऱ्या क्रोमियम ट्रायऑक्साइडच्या वापराला स्वतंत्र परवानगी लागते. आपल्याकडच्या छोट्या दुकानांत त्या टाकीवरची वाफ कामगाराच्या छातीत जाते आणि धुण्याचे पाणी गटारात. ज्याच्याकडे वाफ ओढणारी व्यवस्था आणि सांडपाण्यावर प्रक्रिया आहे त्याच्याकडे दोन पैसे जास्त देऊन काम न्यावे, असे मला मनापासून वाटते. आपल्या हौसेची किंमत दुसऱ्याच्या फुफ्फुसांनी मोजू नये.

स्टेनलेस

इथे काम कष्टाचे पण निश्चित फळ देणारे आहे. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असल्याने ऑक्साइडचा रक्षक थर ओरखड्यानंतरही आपोआप तयार होतो, आणि घासायला अख्खा पत्रा असतो. पोचे मागून छोट्या हातोडीने, पुढे गुळगुळीत डॉली धरून, कडेकडून मध्याकडे उचलावेत. मग वॉटर पेपर: ३२० किंवा ४००ने सुरुवात करून ६००, ८००, १०००, १५०० आणि २०००. प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीच्या कागदाच्या रेषा पूर्ण गेल्या की नाही ते दिसते. सगळे बिघडते ते इथल्या घाईने. ६००ची एक रेषा राहिली की बफिंगनंतर ती उन्हात लख्ख दिसते. शेवटी हिरव्या कंपाउंडने बफिंग. ज्या बफवर आधी साधे लोखंड घासले आहे तो बफ वापरू नये आणि लोखंडी घासणीही नको; लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि मग ‘स्टेनलेसला गंज लागला’ अशी ओरड होते.

ॲल्युमिनियम

ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमबद्दलचा गैरसमज सर्वांत जास्त श्रम वाया घालवतो. वरचा थर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, म्हणजे पॉलिश पेस्टमध्ये घासणारा पदार्थ म्हणून जे वापरतात त्याच जातीचा. धातूच्या पॉलिशने तो घासला जात नाही. माणूस तासन्‌तास घासतो आणि दुधाळपणा तसाच राहतो. हा दुधाळपणा बहुधा तीव्र क्लीनरमुळे आलेला असतो. ॲनोडाइज्ड थर साधारण चार ते साडेआठ पीएचच्या दरम्यान सुरक्षित असतो; चाके धुण्याची आम्लारी किंवा आम्लयुक्त द्रावणे त्याला खातात. एकदा तो दुधाळ झाला की तो पूर्ण उतरवावा लागतो. पातळ कॉस्टिक सोड्यात तो काही मिनिटांत उतरतो. हातमोजे, चष्मा आणि उघडी जागा हवीच, कारण थर संपताच ॲल्युमिनियममधून हायड्रोजन सुटू लागतो. लगेच धुऊन कागद आणि बफने आरसा करता येतो. पण उघडे ॲल्युमिनियम पुन्हा मंद पडते, म्हणून पुन्हा ॲनोडाइज करणे योग्य. यंत्रांच्या भागांना ॲनोडाइज करणारे कारखाने पुण्या-मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यांत आहेत, मात्र त्यांचे नेहमीचे काम मंद छटेचे असते. ‘ब्राइट डिप करून ॲनोडाइज’ असे स्पष्ट सांगावे लागते. रंगीत ॲनोडाइजमधला सेंद्रिय रंग उन्हाने उडालेला असेल, तर तो पुन्हा भरता येत नाही. थर उतरवून नव्याने रंगवण्यावाचून गत्यंतर नाही.

रंग

खऱ्या अर्थाने ‘फिकी’ पडते ती रंगवलेली कॅप. जुन्या एनॅमलमध्ये राळेच्या जाळ्यात रंगद्रव्याचे कण अडकलेले असतात. अतिनील किरण, ओलावा आणि ऑक्सिजन मिळून हे जाळे वरून तोडतात. पांढऱ्या रंगद्रव्यातला टायटॅनियम डायऑक्साइड, विशेषतः त्याचा ॲनाटेज हा प्रकार, उन्हात ही मोडतोड आणखी वाढवतो. सुटे झालेले कण पृष्ठभागावर भुकटी होऊन बसतात आणि बोटाला लागतात. लाल कॅप गुलाबी दिसते ती अनेकदा या भुकटीमुळे. खालचा लाल शाबूत असतो. काही सेंद्रिय लाल रंगद्रव्ये मात्र स्वतःच उन्हात विरतात, आणि मग कंपाउंडनेही लाल परत येत नाही.

एकथरी रंगावर बारीक रबिंग कंपाउंड, मऊ फडके आणि हाताचा दाब एवढ्यानेच आश्चर्यकारक फरक पडतो. यंत्र लावू नये. कडांवर रंग सर्वांत पातळ असतो आणि यंत्र कडाच आधी खाते. क्लिअर कोट पांढरा होऊन पापुद्रे धरत असेल तर पॉलिश निरुपयोगी. तिथे पुन्हा रंगकाम. मूळ छटा शोधायची तर कॅपच्या आत वळलेल्या काठावर किंवा क्लिपखाली पाहावे. तिथे ऊन पोहोचलेले नसते. उतरलेल्या पृष्ठभागावरून रंग जुळवला तर उतरलेलाच रंग पुन्हा चढतो.

रंगाआधीची सर्वांत मोठी अडचण म्हणजे सिलिकॉन. टायर चमकवायला लावलेले सिलिकॉनचे पॉलिश उडून कॅपवर बसते, आणि त्यावर मारलेल्या रंगात गोल गोल खड्डे पडतात. म्हणून कागद लावण्याआधी वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने दोनदा, दर वेळी नवे फडके घेऊन पुसावे. आधी कागद मारला तर सिलिकॉन ओरखड्यांत आणखी रुतते. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमच्या चकत्या असतात आणि त्या कशा निजतात यावर छटा ठरते. गनचे अंतर व दाब बदलला की चंदेरीही बदलते. चारही कॅप एकाच बैठकीत माराव्यात.

टू-पॅक रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा श्वासातून गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. नाकाला रुमाल बांधून हे काम करणारे पेंटर अजून गल्लोगल्ली दिसतात, आणि ते पाहवत नाही. बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर हा रंग फवारू नये. साधे एनॅमल ब्रशने किंवा गनने मारावे, ते जुन्या गाडीला शोभतेही.

चिन्हातले रंग भरणे हे या सगळ्यातले सर्वांत सुखाचे काम. फोक्सवॅगन बीटलच्या घुमटाकार कॅपवरच्या चिन्हात असा रंग भरलेला असे, अमेरिकन कॅपच्या खोबणींतही. एनॅमल किंचित पातळ करून बारीक ब्रशने खाचेत सोडावे आणि आपोआप वाहू द्यावे. रंग चिकट झाला की टर्पेंटाइनचा नुसता ओलावा लावलेले फडके कडक पुठ्ठ्याच्या तुकड्याभोवती ताणून उंचवट्यांवरून सपाट फिरवावे. खाचेतला रंग राहतो, माथ्यावरचा निघतो.

प्लॅस्टिक

प्लॅस्टिकवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही, दोन गोष्टी पुरेत. पहिली, जात ओळखणे: साधे पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगते, एबीएस आणि नायलॉन बुडतात, मात्र टाल्क भरलेले पॉलिप्रॉपिलीनही बुडू शकते, म्हणून मागची खूण पाहावी. पॉलिप्रॉपिलीनवर खास ॲडहिजन प्रमोटर दिल्याशिवाय रंग धरत नाही. दुसरी, एबीएसमधला ब्युटाडाइनचा भाग उन्हाने ऑक्सिडाइज होऊन पिवळा आणि ठिसूळ होतो. अशा कॅपला एनसी थिनर लागला तर तडे जातात. क्रोमचढे प्लॅस्टिक घासूच नये.

क्लिपा, बसवणी आणि मूळपण

कॅप सुंदर झाली आणि पहिल्याच खड्ड्यात रस्त्यावर घरंगळली, हे टाळता येते. मोठ्या व्हील कॅपच्या मागच्या स्प्रिंग स्टीलच्या क्लिपा प्लेटिंगआधी काढून घ्याव्यात. आम्लात आणि टाकीत स्प्रिंग स्टील हायड्रोजन शोषते आणि ठिसूळ होते. प्लेटिंगनंतर लगेच सुमारे २०० अंश सेल्सियसला काही तास भाजले तरच तो हायड्रोजन निघतो. हे कुणी करून देत नाही, म्हणून क्लिपांना टाकी दाखवूच नये. ॲम्बेसेडर-पद्मिनीच्या छोट्या कॅप रिमवरच्या उंचवट्यांवर काठाने अडकतात. तो काठ बफिंगमध्ये झिजू देऊ नये. बसवताना रबरी हातोडीने काठाजवळ ठोकावे, मध्यावर कधीच नाही. पाठीला झिंकयुक्त प्रायमर आणि त्यावर रंग द्यावा, कारण गंज बहुतेक वेळा मागून पुढे येतो.

किती करावे, याला आता संस्थात्मक आधारही आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फिवाने, २०१२ साली मांडलेला ट्युरिन जाहीरनामा पुनरुद्धारापेक्षा जतनाला अग्रक्रम देतो. अमेरिकेतल्या पेबल बीच प्रदर्शनात २००१पासून पुन्हा न रंगवलेल्या, मूळ अवस्थेतल्या गाड्यांचा वेगळा वर्ग आहे. भारतातही जुलै २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूप राखलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ ही स्वतंत्र नोंदणी दिली. हे नियम व्हील कॅपपर्यंत उतरत नाहीत, पण दिशा तीच आहे: जे शाबूत आहे ते राखा.

३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी धावत नाही. त्या गाडीचे सुटे भाग कारखान्यातून येणे कधीच थांबले आहे. आता जे मिळते ते कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, चोर बाजारात किंवा एखाद्या जुन्या गॅरेजच्या माळ्यावर. नव्या बनावटीच्या चकचकीत कॅप बाजारात मिळतात, त्या जरूर बसवा. पण आपल्या जुन्या चार कॅप, कितीही ठिपक्यांच्या असल्या तरी, भंगारात घालू नका. त्या धुऊन, पूर्ण वाळवून, मेणाचा हात देऊन, कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवा, आणि गाडी विकाल तेव्हा गाडीसोबत द्या.